गाडीच्या एसीत स्वयंपाकाचा गॅस? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, गाडीचा एसी घरीच भरा’ हा मेसेज उन्हाळा लागला की फिरायला लागतो. या वेळी तो माझ्या धाकट्या भावाने पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, रविवारी करू का?” मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत. एक, गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो. दोन, एसी गॅसचा ४५० ग्रॅमचा डबा आणून लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या पाइपला लावा, गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की झालं. तीन, व्हॅक्यूम मारायची, म्हणजे आधी पंपाने आतली हवा ओढून काढायची गरज नसते. चार, डबा उलटा धरला की पटकन भरतो. पाच, डबा महाग वाटला तर स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस शेगडीच्या नळीने भरला तरी चालतो, उलट जास्त गार करतो. सहा, लीकेज असेल तर लीक-स्टॉपची, म्हणजे गळती बुजवणाऱ्या द्रवाची बाटली सोडा.

पाचव्यापासून सुरू करतो. बाकीच्यांनी कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप जाईल, याने माणूस जाईल.

एलपीजी गार करतो, हे खरं आहे. नाइलाजाने मान्य करतो, कारण याच अर्ध्या सत्यावर लोक फसतात. घरातल्या नव्या फ्रिजच्या मागे आर-६००ए लिहिलेलं असतं, तो आयसोब्युटेन, एलपीजीच्याच जातीचा गॅस. पण फ्रिजमध्ये तो पन्नासेक ग्रॅम असतो, शुद्ध असतो आणि डाख देऊन बंद केलेल्या नळ्यांत असतो. फ्रिज खड्ड्यांतून धावत नाही. गाडीत कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस गार करून द्रव करणारी जाळी, बंपरच्या लगेच मागे, रेडिएटरच्या पुढे असतो. पुढच्या गाडीला जरा जोरात टेकलात की पहिला फुटतो तो. आणि कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या आत. ती गळली की गॅस सरळ केबिनमध्ये येतो.

हिशेब करून बघा. ज्या गाडीत ४५० ग्रॅम आर-१३४ए, म्हणजे गाडीच्या एसीचा नेहमीचा गॅस बसतो, तिथे एलपीजी सुमारे १८० ग्रॅम बसेल, कारण त्याचा द्रव निम्म्याहून हलका असतो. १८० ग्रॅम एलपीजीची वाफ होते साधारण ८५ लिटर. छोट्या गाडीची केबिन धरा ३,००० लिटर. म्हणजे हवेत पावणेतीन टक्क्यांच्या वर गॅस. एलपीजी पेट घेतो दोन टक्क्यांच्या आसपास. त्यात तो हवेपेक्षा जड, म्हणजे सगळीकडे सारखा पसरत नाही, पायाशी आणि सीटखाली साचतो. तिथे प्रमाण आणखी जास्त. वर ब्लोअरची मोटर ब्रशवाली असेल तर चालू होताना ठिणगी पडते ती त्याच वाटेवर. रात्रभर बंद असलेल्या गाडीत बसून कोणीतरी ब्लोअरचं बटण फिरवणार आहे, एवढंच लक्षात ठेवा.

मेसेजमध्ये शेगडीची नळी लावायला सांगितली आहे, ते तर होऊच शकत नाही. शेगडीच्या रेग्युलेटरमधून गॅस येतो सुमारे ३० मिलीबार दाबाने. चालू एसीच्या लो साइडला दाब असतो २ ते ३ बार, म्हणजे सत्तर ते शंभर पट. गॅस आत जाणार नाही, आतला गॅस उलटा नळीत येईल आणि नळी उडेल. मग लोक रेग्युलेटरच काढून टाकतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. शिवाय घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला २००० च्या एलपीजी पुरवठा आदेशाने बंदी आहे. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने १९९० च्या दशकातच एसीत आर-१२ हा जुना गॅस असलेल्या गाड्यांत असे जळणारे पर्यायी गॅस भरणं अमान्य ठरवलं होतं.

आता दुसरा मुद्दा, हिरवा पट्टा. याचं उत्तर स्वयंपाकघरातच आहे. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, ज्योत तशीच राहते. किती उरलाय ते कळायला आपण तो उचलून बघतो, कारण आत थोडा जरी द्रव असला तरी दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. आर-१३४ए चंही तेच. एसी बंद असताना ३० अंशाला गेज सुमारे ९७ पीएसआय दाखवेल आणि ४० अंशाला १३३ च्या आसपास, मग आत ४०० ग्रॅम असो की २००. चालू एसीत लो साइड ३० ते ४५ पीएसआय असावी हे ढोबळमानाने बरोबर. पण आजच्या बऱ्याच गाड्यांतला कॉम्प्रेसर स्वतःच लो साइड तिशीच्या आसपास धरून ठेवतो. काटा हिरव्यात आणि आत गॅस शंभर ग्रॅम जास्त, असं सहज होतं. अकोल्याच्या मे महिन्यात हाय साइड, म्हणजे जास्त दाबाची बाजू, आधीच २६० च्या पुढे असते. त्यात जादा गॅस घातला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि लोक म्हणतात गॅस कमी पडला, अजून घाल.

बॉनेट उघडा. आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर स्टिकर असतो: गॅस कोणता आणि किती ग्रॅम, बहुतेक वेळा तेल कोणतं तेही. वाद मिटवायला हा स्टिकर पुरे. त्यावर दाब लिहिलेला नसतो, वजन लिहिलेलं असतं. म्हणून बरोबर पद्धत एकच: असलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि वजनकाट्यावर मोजून स्टिकरइतकाच भरायचा. असलेला गॅस हवेत सोडायचा नाही. एक किलो आर-१३४ए म्हणजे सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी तापमानवाढ.

व्हॅक्यूमबद्दल. सिस्टीम कधी उघडलीच नसेल, रिकामी झाली नसेल आणि फक्त टॉप-अप असेल तर व्हॅक्यूमशिवाय चालतं, एवढं खरं. तेव्हाही नळीतली हवा आधी बाहेर काढावी लागते. पण पाइप उघडला, ओ-रिंग बदलली किंवा सगळा गॅस गळून गेला असेल, तर आत हवा आणि ओलावा गेलेला असतो. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती हाय साइड चढवते. पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे द्रव गॅस बारीक भोकातून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं: दहा मिनिटं गार, मग गरम, एसी बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा गार. पुढे तेच पाणी गॅस-तेलाबरोबर आम्ल बनवून आतून खातं. ३० अंशाला हे पाणी उकळून निघायला दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जावा लागतो. पंप किमान अर्धा तास चालला पाहिजे आणि बंद केल्यावर काटा पंधरा मिनिटं हलता कामा नये. मुंबईत चांगल्या पंपावर व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जातो. पुण्यात मात्र २८ च्या आसपासच थांबतो, कारण पुणे साडेपाचशे मीटर उंचावर आहे आणि तिथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी असतो. तिथे ‘२९ झालेच पाहिजेत’ म्हणून पंपाला दोष देऊ नका.

डबा उलटा धरला की द्रव जातो, आणि चालू कॉम्प्रेसरला द्रव दाबता येत नाही, आतल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. लीक-स्टॉप हवा-ओलावा लागला की घट्ट होतो. एक्सपान्शन व्हॉल्व्ह तर बुजतोच, गॅरेजचं मशीनही बाद होतं, म्हणून अशी गाडी अनेक जण हातात घेत नाहीत. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडी असेल तर तेल मिसळलेला डबा जवळही आणू नका. नेहमीचं पीएजी तेल विजेच्या कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन घालवतं, त्याला पीओई हे वेगळं तेल लागतं.

पहिला मुद्दा राहिला. फ्रिजसारखा गाडीचा एसी पूर्ण बंद नसतो. कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, पाइप रबरी असतात, वर्षानुवर्षांत थोडा गॅस जातोच. पण दर उन्हाळ्यात भरावा लागतो तो लीकेज असतो, सर्व्हिसिंग नव्हे. आधी साबणाचं पाणी, यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) किंवा नायट्रोजनच्या दाबाने लीकेज शोधायला सांगा.

आता भावाच्या रविवारचं. गाडी हायवेला गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर बहुतेक वेळा गॅसचा प्रश्नच नसतो. एसी लावून बॉनेट उघड आणि रेडिएटरचा फॅन फिरतोय का बघ. नसेल तर फ्यूज आणि रिले तपास. इंजिन गार असताना कंडेन्सरवर बागेच्या पाइपने साधं पाणी मार. प्रेशर वॉशर नको, त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. ग्लोव्हबॉक्सच्या मागचा एसी फिल्टर काढ. उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल तर बदल, आणि नवा घालताना हवेचा बाण बघून घाल. एसी अर्धा तास चालल्यावर गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि डावीकडच्या पायाखालची मॅट ओली असेल, तर ड्रेन पाइप चोंदलाय. तो खालून मोकळा कर.

हे करूनही गार झालं नाही तर स्टिकरचा फोटो काढून गॅरेजला जा आणि विचार, “किती ग्रॅम भरणार, वजनकाटा कुठे आहे?”