‘रिप्लेस्ड’ म्हणजे बदललेली धमनी नव्हे

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘रिप्लेस्ड राइट हेपॅटिक आर्टरी’ असं आलं, की यकृताची धमनी खराब आहे किंवा आधी कधीतरी ती बदललेली आहे, असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी पेशंट घाबरतात.

‘रिप्लेस्ड’ म्हणजे यकृताची उजवी धमनी (राइट हेपॅटिक आर्टरी) नेहमीच्या जागेऐवजी दुसऱ्या धमनीतून निघते. ही ठेवण जन्मतःच असते. गर्भात यकृताला एकाहून जास्त धमन्या असतात, पुढे काही मिटतात. कोणती टिकते, त्यावर पुढचा नकाशा ठरतो. शरीररचनातज्ज्ञ मिशेल्स यांच्या १९६६ च्या, २०० शवविच्छेदनांवर आधारलेल्या वर्गीकरणात पुस्तकातली ‘नेहमीची’ रचना जेमतेम ५५ टक्के जणांत होती! दहांपैकी साधारण एकाच्या पोटात यकृताची उजवी धमनी आतड्याला रक्त देणाऱ्या सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीतून निघते. यकृताला रक्त व्यवस्थित मिळतं, त्रास काही होत नाही.

मग रिपोर्टमध्ये लिहितात कशाला? सर्जनसाठी. ही धमनी बहुधा स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर चढते आणि पित्तनलिकेच्या उजव्या, मागच्या अंगाला येते. स्वादुपिंडाचं डोकं काढून पित्तनलिका आतड्याला जोडण्याच्या व्हिपल ऑपरेशनमध्ये नेमकं तिथेच काम असतं. म्हणून पित्तनलिका कापण्याआधी सर्जन तिच्यामागे बोट सरकवून ठोका लागतो का, ते चाचपतात. चुकून ही धमनी बांधली गेली, तर यकृताच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो आणि नलिकेचा नवा जोड गळू शकतो.

तेव्हा ही ओळ वाचून ऑपरेशन रद्द करू नका. नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडीही सर्जनना दाखवा.