एअरबॅग उघडली, म्हणून दिसलं नाही म्हणे

गाड्यांच्या विम्याच्या क्लेमचा सर्व्हेअर आहे मी, त्यामुळे अपघाताची कारणं वाचणं हाच माझा धंदा. क्लेम फॉर्मवर अपघात कसा झाला हे लिहायला दोन-तीन ओळींची जागा असते आणि तेवढ्या जागेत राज्यातली सगळी भटकी कुत्री आडवी आलेली असतात. कुत्रं नसेल तर म्हैस, म्हैस नसेल तर "समोरच्याने अचानक ब्रेक मारला". "मी जोरात होतो" असं लिहिलेला फॉर्म माझ्या टेबलावर अजून यायचाय.

तरीही बडोद्याच्या त्या पोराने दिलेलं कारण मी व्हिडिओ मागे घेऊन परत ऐकलं होतं. १३ मार्च २०२५, होळीची रात्र, कारेलीबाग. आपली बरीच मराठी कुटुंबं बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या घरोघरच्या ग्रुपवर ते सीसीटीव्ही फुटेज सकाळपर्यंत फिरलंच. भरधाव गाडीने दुचाक्या उडवल्या. एक बाई गेली, कितीतरी जखमी झाले. चक्काचूर झालेल्या गाडीतून लॉ शिकणारा विशीतला मुलगा उतरला आणि रस्त्यावर "अनदर राउंड" म्हणून ओरडायला लागला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना त्याने सांगितलं ते असं: उजवीकडे वळत होतो, रस्त्यात खड्डा होता, दुसऱ्या गाडीला जरासा धक्का लागला, एअरबॅग उघडली, पुढचं काही दिसेना. वेग ताशी पन्नासच्या आसपास. नशा वगैरे काही नाही, होलिकादहनाला गेलो होतो.

लोक तुटून पडले. साहजिक आहे. ज्या देशात रोज ऑफिसला जाताना माणूस डझनभर खड्डे खातो, तिथे "खड्ड्याने एअरबॅग उघडली" हे कोण ऐकून घेणार? आमच्याकडच्या खड्ड्यांत एअरबॅगा उघडत असत्या तर कंपन्यांनी त्या कधीच ऑप्शनल करून टाकल्या असत्या.

आता जरा धंद्याचं बोलतो. समोरची एअरबॅग उघडते ती गाडीचा पुढे जाण्याचा वेग एकदम तुटला की. भक्कम भिंतीवर ताशी साधारण १५ ते २५ किलोमीटरने आदळल्यावर बसेल तेवढा झटका सेन्सरला लागतो. खड्ड्याचा हिसका बहुतेक खालून वर येतो, त्याला सेन्सर सहसा भीक घालत नाही. सहसा म्हणतोय, कारण गाडीचं पोट एखाद्या दगडावर किंवा काँक्रीटच्या कडेवर जोरात आपटलं तर एअरबॅग उघडू शकते. पण मग खाली बघितलं की ते दिसतं. इंजिनाखालचं क्रॉसमेंबर, म्हणजे आडवा लोखंडी दांडा, चेपलेलं असतं, रिम वाकलेलं असतं, ताजा ओरखडा चकाकत असतो. ते नसेल तर खड्डा फक्त फॉर्मवरच असतो.

आणि "दिसलं नाही" याचं काय? पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते आणि मागच्या भोकांतून लगेच हवा सोडून देते. सेकंद पुरा व्हायच्या आत ती स्टिअरिंगवर फडक्यासारखी लोंबत असते. पांढरी पूड उडते, जळका वास येतो, कान बधिर होतात, माणूस भांबावतो, हे सगळं खरं. पण ताशी ५० ने एका सेकंदात गाडी १४ मीटर जाते आणि १०० ने २८. मग तो एक सेकंद कुठल्या वेगातला होता आणि त्यानंतर पाय कुठल्या पेडलवर होता, एवढेच दोन प्रश्न उरतात.

याची उत्तरं मिळतात हो! हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्येच धडकेच्या आधीचे काही सेकंद साठवलेले असतात: वेग, अॅक्सिलरेटर, ब्रेक, बेल्ट. सीसीटीव्हीत दोन खांबांमधलं अंतर मोजलं आणि फ्रेम मोजल्या की वेग निघतो. सीटबेल्टसुद्धा बोलतो. एअरबॅगबरोबर बेल्टचा प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा झटक्यात आवळणारा भाग, उडाला की पट्टा आहे तिथेच अडकतो. लावलेला असेल तर बाहेर ढिला लोंबतो, नसेल तर दाराशेजारच्या खांबाला घट्ट चिकटून बसतो. "साहेब, बेल्ट होता" म्हणणाऱ्यांना मी काही न बोलता फक्त तो खांब दाखवतो.

म्हणजे कारण कितीही विचित्र असलं तरी ते तपासता येतं. मग लोक तपासाची वाट न बघता थेट चेहऱ्यावरून निकाल का देतात? माझं म्हणणं असं की त्या मुलाइतकाच अविश्वास लोकांचा तपासणाऱ्यांवर आहे आणि तो पुणे शहराने कमावून ठेवलाय.

१९ मे २०२४ आठवा. कल्याणीनगर, पोर्शे, सतरा वर्षांचा मुलगा, दोन तरुण इंजिनिअर जागेवर गेले. पंधरा तासांत जामीन, वर तीनशे शब्दांचा निबंध. मग "गाडी ड्रायव्हर चालवत होता" हे आलं आणि ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घे म्हणून दबाव आणल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या पुढचं तर सर्व्हेअर म्हणून मला जास्त झोंबलं. ससूनमध्ये मुलाचं रक्त कचऱ्यात टाकून त्या जागी आईचं रक्त ठेवलं, असा पोलिसांचा आरोप आहे. शरीर दारू तासाला रक्ताच्या १०० मिलीमागे साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने जिरवतं, कायद्याची मर्यादा आहे ३०. नुसता नमुना घ्यायला उशीर केला तरी आकडा खाली येतो. बाटलीच बदलली तर विषयच संपला. हे पाहिलेल्या माणसाला "रिपोर्ट येऊ द्या" म्हणून कसं सांगायचं?

बडोद्यात पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं आणि रक्तात अमली पदार्थ सापडल्याचं नंतर सांगितलं. खटल्याचं काय ते न्यायालय बघेल. पण लोकांनी तोवर थांबायला पाहिजे होतं, असं मला नाही वाटत. संशय घेणं हा लोकांचा हक्कच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. टिंगलीत सगळं लक्ष कारण देणाऱ्यावर जातं आणि तपासाकडे कुणी बघत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला बेस्टची बस गर्दीत घुसली तेव्हा "ब्रेक फेल" ऐकून सगळे हसलेच होते. आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू निघाले. म्हणजे हसणारे बरोबर ठरले, पण तेवढ्यावर थांबले असते तर एवढी मोठी इलेक्ट्रिक बस हातात देण्याआधी चालकाला किती जुजबी प्रशिक्षण मिळालं होतं, हे कुणी विचारलंच नसतं.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळायला चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. खड्डा, एअरबॅग, कुत्रं, काहीही कारण असू दे. चालक प्यायलेला निघाला तरी बऱ्याच वेळा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करते. वकील लोकांनी याच्यात भर घालावी. आणि बडोद्याच्या खटल्यात गाडीतला डेटा कोर्टापुढे आला का, वेग किती निघाला, हे तिथल्या कुणाला माहीत असेल तर खाली नक्की लिहा.