नेट बंद करा म्हणणाऱ्यांसाठी, नैरोबीहून

भारतातल्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन वाक्यं आलटूनपालटून येतात. पहिलं जुनं आहे: ‘आपल्या भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड असतो, तुमच्या आफ्रिकेत काय?’ दुसरं जून २०२४ पासूनचं. केनियातली तरुण पोरं संसदेत घुसल्याची चित्रफीत तेव्हा तिकडे पोचली आणि निकाल लागला: ‘स्वस्त डेटा दिला की हेच होणार. वेळीच नेट बंद करायला हवं होतं.’ दोन्ही वाक्यं बहुधा एकाच माणसाची असतात. डिजिटल असल्याचा अभिमान त्यालाच, आणि बटण बंद करायची घाईही त्यालाच.

पहिल्या वाक्याचं आधी उरकू. एम-पेसा, म्हणजे केनियातली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, सुरू झालं ६ मार्च २००७ ला. यूपीआय २०१६ चं. ‘पेसा’ म्हणजे स्वाहिलीत पैसा. १९२० पर्यंत या मुलखात आपला रुपयाच चालत होता. व्होडाफोनने हेच रोप २०१३ मध्ये भारतात लावलं, ते जगलं नाही, २०१९ मध्ये उपटलं. एवढं लिहिलं की ग्रुपवर शांतता पसरते आणि कुणीतरी गुलाबासकट सुप्रभात टाकतं.

पण कोण आधी, हा मुद्दा पोरकट आहे. खरा फरक चालण्यात आहे. इथे साध्या बटणांच्या फोनवरून *३३४# लावायचं, पैसे पाठवण्याचा पर्याय निवडायचा, समोरच्याचा नंबर, रक्कम आणि चार आकडी पिन द्यायचा. नेट लागत नाही. पैसे सुटण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, सुटल्यावर दोघांनाही एसएमएस येतो: दहा अक्षर-आकड्यांचा व्यवहार क्रमांक, रक्कम, नाव, तारीख, वेळ. चुकीच्या नंबरला गेले तर तोच एसएमएस जसाच्या तसा ४५६ वर पुढे ढकलायचा. समोरच्याने रक्कम अजून काढली नसेल तर ती अडते. १०० शिलिंगपर्यंत पाठवणं फुकट, त्यावर शुल्क, आणि त्या शुल्कावर सरकारचा कर. शुल्काच्या बाबतीत यूपीआय जिंकतं, बिनशर्त मान्य. मात्र नेटशिवाय चालणारं *९९# आपल्याकडेही आहे. ग्रुपवरच्या किती जणांनी ते आयुष्यात एकदा तरी लावून पाहिलंय?

त्या एसएमएसला इथे पावतीची किंमत आहे, आणि समाज कसा बोलतो ते तिथूनच कळायला लागतं. ‘चामा’ म्हणजे आपली भिशी. दहा-वीस-तीस जण, महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकेकाला. चामाचा ग्रुप व्हॉट्सअॅपवर असतो. पैसे भरले की एसएमएस ग्रुपवर चिकटवायचा, मग आधीची यादी कॉपी करून आपलं नाव पुढच्या आकड्याला जोडायचं आणि यादी पुन्हा टाकायची. गोंधळही इथेच होतो. दोघांनी एकाच वेळी जुनी यादी उचलली की दोघंही सातवे होतात. पुढचा माणूस त्यांतली शेवटची यादी घेतो आणि एक सातवा कायमचा गायब. महिनाअखेरीस खजिनदार एसएमएस ताडून पाहते (बहुधा बाईच असते), तेव्हा तो सापडतो.

यापेक्षा वाईट फुलिझाचं. फुलिझा म्हणजे एम-पेसावरची उचल: खात्यात पैसे कमी असले तरी व्यवहार होतो आणि पुढची जी रक्कम आत येईल तिच्यातून उचल आपोआप वळती होते. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर भिशी गोळा होत असेल आणि तिने किराण्यासाठी उचल घेतलेली असेल, तर पहिल्या दोन-तीन जणांची वर्गणी आली तशी गिळली जाते. चोरी कुणीच केलेली नसते, हिशेब मात्र बसत नाही, आणि ग्रुपवर आवाज चढतात. म्हणून जाणते चामा वेगळा पेबिल नंबर (कुणा एकाच्या फोनला न जोडलेला, पैसे गोळा करायचा एम-पेसा क्रमांक) घेतात किंवा तिघांच्या सहीचं बँक खातं उघडतात.

मयताचा ग्रुप हा आणखी वेगळा प्रकार. माणूस नैरोबीत गेला तरी पुरायचं गावीच, किसुमूकडे, काकामेगाकडे, जिथली माती तिथे. शवागाराचं भाडं रोजच्या रोज चढतं. शिवाय शवपेटी, गाडी, गावच्या मंडपातलं जेवण. घाई खरी असते. त्यामुळे त्याच संध्याकाळी ग्रुप निघतो, ओळखीपाळखीचे सगळे न विचारता आत ओढले जातात, खर्चाचा अंदाज आणि पेबिल नंबर येतो, यादी सुरू होते. आता व्हॉट्सअॅपमधून गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त प्रशासकाला कळतं. पण प्रशासक बहुधा मयताचा चुलतभाऊच असतो.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे ते दुसरं वाक्य. जून २०२४ ची पोरं आकाशातून पडली नव्हती. वित्त विधेयकात ब्रेडवर १६ टक्के व्हॅट होता, गाड्यांवर २.५ टक्के वार्षिक कर होता, आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या शुल्कावरचा कर १५ वरून २० टक्के करायचा प्रस्ताव होता. म्हणजे भिशीवर आणि मयतावरच हात. मग जी सवय चामात आणि मयतात लागली होती तीच कामाला आली. विधेयकाच्या पीडीएफची कलमं सुटी केली गेली आणि टिकटॉकवर स्वाहिलीत, किकुयूत, लुओत समजावली गेली. कुणी विधेयकावर प्रश्न विचारता येईल असा चॅटबॉट बनवला. संसद सदस्यांचे मोबाइल नंबर सगळीकडे फिरले, आणि मेसेजच्या माऱ्याने त्यांचे फोन वापरण्याजोगे राहिले नाहीत. रात्री एक्सवर स्पेसमध्ये, म्हणजे तिथल्या थेट आवाजी सभेत, हजारो जण ऐकत बसत. रस्त्यावर झेलो हे वॉकीटॉकीसारखं अॅप. जखमींच्या इलाजासाठी वर्गणी, म्हणजे पुन्हा यादी आणि पुन्हा तीच पावती. नेता नाही, जमात नाही, पक्ष नाही, हे ते अभिमानाने सांगत होते.

१८ जूनला पहिला मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी ब्रेडवरचा व्हॅट आणि गाड्यांवरचा कर मागे घेतल्याचं जाहीर झालं. २५ जूनला विधेयक १९५ विरुद्ध १०६ ने मंजूर झालं, पोरं संसदेत शिरली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. २६ तारखेला राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सही करायला नकार दिला आणि ५ जुलैला ते स्वतः एक्सच्या स्पेसमध्ये येऊन बोलणी ऐकत बसले. आपल्याकडे एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस असा उघड्यावर बसलेला आठवतो का?

‘नेट बंद करायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की २५ जूनला दुपारी नेट मंदावलंच होतं. आदल्या दिवशी दूरसंचार प्राधिकरणाने नेट बंद करणार नाही असं सांगितलं होतं. कंपन्यांनी समुद्राखालच्या केबलचा बिघाड पुढे केला, तो फार कुणाला पटला नाही. लोक तरीही जमलेच होते. रस्ते आणि वेळ आदल्या रात्रीच ठरलेली होती.

शेजारी पाहा. युगांडाने २०१६ च्या मतदानाच्या दिवशी समाजमाध्यमांबरोबर मोबाइलवरचे पैसेही अडवले. जानेवारी २०२१ मध्ये तर पाच दिवस नेटच तोडलं. त्याआधी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅप-फेसबुकवर दिवसाला २०० शिलिंग कर लावला होता. लोकांनी व्हीपीएन टाकून घेतले आणि २०२१ मध्ये कर गुंडाळावा लागला. नायजेरियाने जून २०२१ ते जानेवारी २०२२ ट्विटर बंद ठेवलं. ही नावं वाचून ग्रुपवर समाधानाने मान डोलते: बघा, आफ्रिका! पण २०२३ सालापर्यंत सलग काही वर्षं जगात सर्वांत जास्त वेळा नेट बंद करणारा देश भारत होता. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ नंतर ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअॅप स्टेटसवरून पेटलं तेव्हा नेट तोडलं. त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालन्याकडे, बीडकडे तोडलं. ज्या भाजीवालीच्या क्यूआर कोडचा अभिमान, तो त्या दिवशी नुसता कागद होता.

अफवांमुळे माणसं मरतात, हा त्यांचा युक्तिवाद मात्र झटकून टाकता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या भटक्या माणसांना. तेच फोन, तेच फॉरवर्ड. केनियाने याचा मोठा अवतार २००७-०८ मध्ये पाहिला: निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली, आणि विष पसरत होतं साध्या एसएमएसमधून आणि मातृभाषेतल्या रेडिओवरून. कास एफएमच्या एका निवेदकावर तर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. २०१६ मध्ये पुराव्याअभावी तो संपला. तेव्हाही सरकार एसएमएस बंद करायच्या विचारात होतं. शेवटी मोबाइल कंपनीने त्याच वाटेने सगळ्या ग्राहकांना शांततेचे संदेश पाठवले. आणि टीव्हीचं थेट प्रक्षेपण बंद असताना काही केनियन तरुणांनी जानेवारी २००८ मध्ये ‘उशाहिदी’ उभं केलं. उशाहिदी म्हणजे साक्ष. लोक एसएमएसने, ईमेलने कळवत, कुठे जाळपोळ, कुठे रस्ता अडवलाय. ते पडताळून नकाशावर टिंब पडे. दोन वर्षांनी हैतीच्या भूकंपात तेच वापरलं गेलं.

विष ओळखणारी माणसंही इथेच बसतात. फेसबुकवरचा आफ्रिकी भाषांतला मजकूर तपासायचं काम काही वर्षं नैरोबीतल्या एका ठेकेदार कंपनीत चालत होतं. त्या कामगारांनी पगारावरून आणि मनावरच्या आघातावरून खटले भरले आहेत. २०२१ मध्ये इथिओपियात एका प्राध्यापकाला फेसबुकवरच्या पोस्टनंतर ठार केलं गेलं, आणि त्याच्या मुलाने मेटावर दावा लावला तो नैरोबीच्याच उच्च न्यायालयात.

आता जे आतापर्यंत सोयीने गाळलं ते. जून २०२४ नंतर इथे टीका करणारी पोरं उचलून नेली गेली. डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांची व्यंगचित्रं टाकणारे काही जण गायब झाले, जानेवारीत परत आले. २५ जून २०२५ ला, पहिल्या वर्षदिनी, मोर्च्याचं थेट प्रक्षेपण थांबवायचा हुकूम निघाला आणि काही वाहिन्यांचं प्रक्षेपण तोडलं गेलं. न्यायालयाने हुकूमाला स्थगिती दिली. म्हणजे इथलं सरकारही ग्रुपवरच्या त्या वाक्यापर्यंत पोचलंच.

आणि आणखी एक, जास्त अडचणीचं. हे सगळं आम्ही मराठी माणसं पाहतो ती पार्कलँड्स-वेस्टलँड्स या नैरोबीतल्या सुखवस्तू वस्त्यांच्या कुंपणाआडून. २५ जूनला आमच्या मराठी ग्रुपवर काय चाललं होतं? कुठला रस्ता टाळायचा, दूध किती दिवस पुरेल, आणि ‘ह्यांना सवयच आहे’. ते वाक्य पुण्याहून आलं नव्हतं. याच शहरात पियो गामा पिंटो हा गोवेकर वर्तमानपत्रं चालवत स्वातंत्र्यासाठी लढला, १९६५ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. जुलै २०१७ मध्ये केनियाने इथल्या आशियाई नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आम्ही तीही नाही. आम्ही वर्क परमिटवाले. तिकडच्या ग्रुपवर नंबरापुढे केनियाचं +२५४ दिसतं, त्यामुळे ‘तुला इथलं काय कळणार’. इथे आम्ही मुहिंदी, म्हणजे भारतीय.

सोसायटीच्या रखवालदाराचे वडील गेले की यादी आमच्यापर्यंतही येते, पण ग्रुपमधून नव्हे; घरकाम करणारी मामा (इथे बाईला मामा म्हणतात) फोन पुढे करून दाखवते. पैसे पेबिलवर जातात, एसएमएस तिला पुढे पाठवायचा, ती तो चिकटवते. एसएमएसमधल्या लांबलचक नावातले पहिले दोन शब्द खजिनदार उचलतो, कारण इथे नावं तशीच लिहितात. चौदाव्या, पंधराव्या क्रमांकाला स्वतःचं नाव आणि बापाचं नाव येतं, पुढे १००० आणि बरोबरची खूण. आडनाव येत नाही. यादीखाली लिहिलेलं असतं: असांतेनी साना, तुएंदेलेए. आभार, पुढे चालू द्या.