वरोऱ्याच्या बाजारातली भाजी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आल्या आल्या वाचली आणि राग आला, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. आता देतो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. पन्नासच्या दशकात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या वसाहतीत, बांधकामाला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांवर मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, चार पाहुणे काही आठवडे घमेली उचलून गेले म्हणून कुणाची गरिबी हटत नाही. कुष्ठरुग्णांना गावाबाहेर वेगळं वसवणं म्हणजे बहिष्कारालाच पक्कं छप्पर घालून देणं. आणि मी लिहितो ते भक्तिभावानं. यातला तिसरा आक्षेप बराचसा मान्य आहे. बाबा आमटे म्हटलं की माझी लेखणी जरा हात जोडूनच चालते.

घमेल्यांचंही तुमचं बरोबर आहे. कॉलेजात असताना मी आनंदवनवाल्यांच्याच सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीत गेलो होतो. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी ते फुटले. आमच्या वीस जणांच्या रांगेनं सकाळभरात जेवढी माती हलवली, तेवढी सवयीच्या चार माणसांनी न्याहारीआधी हलवली असती. वर आम्हाला दोन वेळ जेवू घालावं लागलं, ते वेगळंच. मजुरीच्या हिशोबात असली शिबिरं तोट्याचीच.

पण आनंदवनात आलेली ती माणसं सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची होती, आणि या संस्थेचा हिशोब पहिल्यापासून वेगळा होता. तिचा संस्थापक पियर सेरेसोल हा स्विस माणूस. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1920 मध्ये त्यानं निरनिराळ्या देशांतली मूठभर माणसं जमवली आणि फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त गावात घरं उभारायला घेतली. त्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं, त्याच देशातले हात ते बांधायला आले. हे तिथे पचलं नाही, आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. म्हणजे पहिलंच काम फसलं म्हणा ना. तरी सेरेसोल थांबला नाही. 1934 च्या बिहार भूकंपानंतर तो मुजफ्फरपूरकडे येऊन राबला. घमेली हे त्याचं निमित्त. कोण कुणाच्या शेजारी उभं राहून उचलतंय, ही त्याची खरी गोष्ट.

आता वरोरा. आनंदवन 1951 मध्ये सुरू झालं, ते सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर. जमीन खडकाळ. विहिरी खणल्या, भाजी पिकली. ती वरोऱ्याच्या बाजारात घेणार कोण? हाताला बोटं नसलेल्या माणसानं तोडलेली वांगी कुणाच्या पिशवीत जाणार? तुम्ही ज्याला गरिबी म्हणता ती इथे आहे, असं मला वाटतं. शेत आहे, पाणी आहे, माल आहे, कष्ट आहेत आणि गिऱ्हाईक नाही. अशा माणसाला आणखी पाच पोती धान्य दान देऊन काय होणार?

आणि ही नुसती वरोरेकरांची भीती नव्हती बरं का. इंग्रजांनी 1898 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी एक कायदा केला होता. तो जिथे लागू व्हायचा तिथे सरकारला कुष्ठरुग्णावर बंदी घालता यायची : खाण्यापिण्याचे पदार्थ विकायचे नाहीत, कपडे विकायचे नाहीत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायचं नाही. भीक मागणाऱ्या रुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात कोंडण्याचीही सोय त्यात होती. हा कायदा देशाच्या पुस्तकातून निघाला 2016 मध्ये. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता यायचा, ते कलम गेलं 2019 मध्ये. तेव्हा 'वेगळं वसवलं' असं म्हणताना आधी वेगळं कुणी काढलं तेही मांडायला हवं. आनंदवनानं बहिष्कार शोधून काढला नाही. गावानं बाहेर टाकलेल्या माणसांना तिथे निदान स्वतःची विहीर मिळाली.

परदेशी पोरं आली, रुग्णांबरोबर राबली, त्यांच्या हातचं जेवली. गावातली माणसं बघायला यायची. गोरी माणसं इथलं खातात आणि त्यांना काही होत नाही, हे दिसल्यावर बाजारात भाजीला गिऱ्हाईक मिळू लागलं, असं आनंदवनची जुनी मंडळी सांगत आली आहेत. मागच्या लेखात मी हे कौतुकानं लिहिलं आणि पुढे गेलो. तुम्ही मला तिथेच पकडायला हवं होतं! बाबा आणि साधनाताई त्याच माणसांत, दोन लहान मुलांना घेऊन राहत होते, त्याच विहिरीचं पाणी पीत होते. त्यांच्याकडे बघून वरोऱ्याला खात्री पटली नाही. स्वित्झर्लंडहून कुणीतरी आल्यावर पटली. हे मला अजून टोचतं.

टोचतं, कारण घरचा अनुभव आहे. नागपूरला आमच्या आजीनं एकदा प्रदर्शनातून आनंदवनची चादर आणली. जांभळ्या पट्ट्यांची, जाडजूड. आजी मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगायची, कुठली आहे ते. पण वापरायला काढण्याआधी तिनं ती आंघोळीच्या पाण्याच्या हंड्यात चांगली उकळून घेतली. रंग सुटला, पांढऱ्याचंही जांभळं झालं. मामी तर तरीही तिच्यावर बसायची नाही, 'मला खालीच बरं वाटतं' म्हणायची. कुणी विचारलं तर आजी सांगायची, रंगच कच्चा होता गं.

सोमनाथला चहा वाटणारे एक काका होते. कधीच बरे झालेले, पण हाताच्या नसा गेलेल्या. उकळत्या चहाचं पातेलं ते नुसत्या हातानं उचलायला जायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "अहो, फडकं!" कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असं मी तोवर समजत होतो. रोग आधी संवेदना नेतो. मग भाजतं, कापतं, जखम चिघळते आणि माणसाला पत्ताच नसतो. बोटं जातात ती त्या जखमांनी. आज सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, आणि वेळेत घेतल्या तर हातापायांना सहसा धक्काही लागत नाही.

म्हणून वसाहतीबद्दलचा तुमचा आक्षेप आजच्या काळाला लावला तर मी तुमच्या बाजूला येतो. आज निदान झालेल्या मुलीला गाव सोडायला लागू नये. तिनं घरीच राहून गोळ्या घ्याव्यात आणि शाळेत जावं. पण 1951 च्या माणसाला हे सांगायला औषधांचं आजचं मिश्रण कुठे होतं? ते ऐंशीच्या दशकात आलं. शिवाय आनंदवन कुंपण घालून बसलं नाही. साठच्या दशकात त्यांनी कॉलेज काढलं, ते आसपासच्या सगळ्या मुलांसाठी. ज्या गावानं वांगी घेतली नव्हती, त्याच गावची पोरं त्या आवारात शिकायला येऊ लागली.

राहिला तुम्ही काढलेला शब्दाचा मुद्दा. लेखात दोन ठिकाणी मी 'महारोगी' लिहिलं होतं, तिथे आता 'कुष्ठरुग्ण' केलं आहे. चूक दाखवलीत, आभार. 'महारोगी सेवा समिती' हे आनंदवन चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे, ते तसंच ठेवलं आहे.