साहेब, धडगावला बदली झाली? आधी हे वाचा

ऑर्डर हातात पडली की नंदुरबारच्या सभागृहात बैठक लावा. विषय : सातपुड्यातली अन्नसुरक्षा. वर पाड्यावर बैठक नको. चांदसैलीच्या घाटात तुमचंच पोट ढवळेल.

मग रेशनकडे वळा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय असेल तर घरटी ३५ किलो. २०२३ पासून तेही फुकट. फुकटचं सहजासहजी दिलं तर माणूस शेफारतो, म्हणून अंगठा घ्याच. दुकान खाली आणि रेंज टेकडीवर असेल तर मशीन टेकडीवर न्या, रांग आपोआप मागून येते. अशाच एका रांगेत मी एक आजी पाहिली. तिनं अंगठा लुगड्याला पुसला, थुंकी लावून पुन्हा पुसला, दाबून धरला. जुळेना. जन्मभर विळा नि मुसळ धरलेल्या अंगठ्यावर रेषा राहतील कशा? तिला समजावा, म्हणावं, हाताची काळजी घ्यायची असते.

डोंगरात काय पिकतं, हे मात्र चुकूनही विचारू नका. मोर, बर्टी, भगर अशी भरडधान्यांची नावं निघतील आणि अहवाल लांबेल. ती भगर टरफलासकट मोलगीच्या बाजारात व्यापाऱ्याला जाऊ द्या. नाशिककडच्या गिरण्यांत सोलून, पांढरीशुभ्र होऊन ती एकादशीला आपल्याच ताटात येते, वर दाण्याची आमटी. पुण्य आपल्याला, रेशनचा तांदूळ त्यांना. पाड्यावरची बाई पहाटे उखळात मुसळ घालून घामाघूम होते, तेव्हा कुठे घरापुरती भगर निघते. तिथे सोलायचं यंत्र बसवलंत तर भगर घरातच राहील, पोरंसोरं खातील आणि आपल्या उपवासाचे वांधे होतील. त्यापेक्षा भरडधान्यावर भाषण ठेवा. २०२३ साली अख्ख्या जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं, आपण नाचणीची बिस्किटं खाल्ली.

अंगणवाडीच्या पोरांना सरकारच्या अमृत आहार योजनेत अंडी किंवा केळी द्यायची असतात. रावेर-यावलच्या केळीला खानदेशात काय तोटा? घाट चढताना अंडी फुटतात, केळी काळी पडतात. रजिस्टरात दोन्ही ताजीच पोचतात.

दिवाळीनंतर पाडे ओस पडतील. माणसं ऊसतोडीला गुजरातेत, पोरं त्यांच्या कडेवर. वजनाच्या तक्त्यात ‘गैरहजर’ लिहा. गैरहजर पोर कुपोषित नसतं.

आणि कधी पाड्यावर जाणं टळलंच नाही, तर जेवायला नाही म्हणू नका, लोक मनाला लावून घेतात. मक्याची गरम भाकर, उडदाची डाळ, वर लाल तिखट. नको म्हणालात तरी दुसरी भाकर ताटात पडेल. पोटभर जेवा, हात धुवा, फोटो काढा. फोटोखाली ‘अन्नटंचाईग्रस्त पाड्यास प्रत्यक्ष भेट’ असं लिहून तो त्याच दिवशी ग्रुपवर टाका. रेंजसाठी टेकडी चढावी लागेल.