ट्रॅडवाल्यांच्या तावडीत

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. गुडघे बोलतात, चष्म्याचा नंबर वाढतोय, आणि तरीही इंग्लंडात केंटमधल्या आमच्या गावात एक खोली अशी आहे जिथे मला ‘तरुण मंडळी’ म्हणतात. आदरार्थी बहुवचन नव्हे, खरंखुरं बहुवचन. ‘गेल्या कार्यक्रमाला तरुण मंडळींचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता,’ असं क्लबाच्या अहवालात छापून आलं, तेव्हा त्या मंडळीत मी एकटीच होते.

याला कारण शेजारचे म्हातारबुवा. वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना रात्री गाडी चालवायला मनाई केली आणि दुसऱ्याच दिवशी ते आमच्या दारात उभे. ट्रॅड, म्हणजे जुन्या पारंपरिक वळणाच्या, जॅझच्या क्लबात महिन्यातून एकदाच, अगदी जवळ, फक्त सोडायचं आणि आणायचं. वडीलधारा माणूस दारात उभा राहून काही मागतो म्हटल्यावर माझ्या तोंडून ‘हो हो, त्यात काय’ निघून गेलं. या एका वाक्याने आमच्या माहेरच्या घराण्याचं दोन पिढ्या नुकसान केलेलं आहे. बेत असा होता की त्यांना आत पाठवावं आणि आपण गाडीत पुस्तक वाचत बसावं. पण फेब्रुवारीत केंटमध्ये बंद गाडीत पुस्तकाची पानं उलटायला बोटं वळत नाहीत, आणि आत चहाचा बंब तापत होता.

जॅझ क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मंद दिवे, धूर आणि काळ्या झग्यातली बाई होती. प्रत्यक्षात हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा जो खेळ इथले निवृत्त लोक खेळतात, त्यांच्या क्लबाचा हॉल. ट्यूबलाइट लख्ख. भिंतीवर जुन्या विजेत्यांचे फोटो. दाराशी रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं घेऊन एक बाई बसलेल्या, आणि बक्षिसांत शेरीची एक बाटली, बिस्किटांचा डबा आणि अंघोळीचे साबण. साबण गेल्या वर्षीही कोणालातरी लागले होते आणि त्यांनी ते परत दान केले, हे मला नंतर कळलं.

आणि आधी व्याख्यान! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिला अर्धा वेळ व्याख्यान, मग चहा, मग रॅफल, आणि ज्यासाठी आपण आलो ते वाजवणारे लोक त्यानंतर. ही रीत कुठून आली, याचंही एक व्याख्यान झालं. १९३५ च्या सुमाराला वादकांच्या संघटनांच्या भांडणात अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये येऊन वाजवायला बंदी झाली, आणि ती १९५६ पर्यंत टिकली. वीस वर्षं खरा जॅझ कानावर पडायचा तो रेकॉर्डवरूनच. लंडनमध्ये १९३३ मध्ये पहिला ‘रिदम क्लब’ निघाला होताच; मग ठिकठिकाणी लोक ग्रामोफोनभोवती बसायचे, एकजण उठून रेकॉर्ड लावायचा आणि तिच्याबद्दल बोलायचा. बंदी उठली, बोलणारे बसलेच नाहीत.

या व्याख्यानांत एकेका रेकॉर्डवर तासभर जातो. न्यू ऑर्लिन्सच्या किंग ऑलिव्हर या जुन्या उस्तादाच्या बँडने एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी ध्वनिमुद्रण केलं. मायक्रोफोन नव्हता, एक मोठा कर्णा, त्यात वाजवायचं. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून, त्यामुळे गाडी आली की सगळे थांबणार. दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) वाजवायला एकवीस वर्षांचा, पुढे जगप्रसिद्ध झालेला लुई आर्मस्ट्राँग होता, आणि तो इतक्या जोरात वाजवायचा की, असं सांगतात, त्याला इतरांपासून लांब मागे नेऊन उभं केलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. मीही आमच्या लग्नकार्यांतल्या फोटोंत कायम मागे असते, आणि कारण तेच. पण सभागृहाला त्यात रस नव्हता. वाद पेटला तो किती फूट मागे यावर. एक गृहस्थ काठी टेकत उठले आणि त्यांनी अंतर चालून दाखवलं. दुसऱ्यांनी त्यांच्या पावलांच्या लांबीवर आक्षेप घेतला.

सगळ्यात रंगलं ते बंक जॉन्सनच्या दातांचं व्याख्यान. हा न्यू ऑर्लिन्सचा जुना ट्रम्पेटवाला. जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो लुइझियानात न्यू आयबेरियाला सापडला, तेव्हा त्याच्याकडे ट्रम्पेट नव्हता आणि तोंडात दात नव्हते. दाताशिवाय ट्रम्पेट वाजत नाही. मग चाहत्यांनी वर्गणी काढली, ट्रम्पेट घेतला, कवळी केली, आणि १९४२ मध्ये म्हातारा पुन्हा वाजवू लागला. कवळी करणारा दंतवैद्य लेनर्ड बेशे हा क्लॅरिनेटवाल्या सिडनी बेशेचा सख्खा भाऊ. पारंपरिक जॅझच्या पुनरुज्जीवनाचा पाया असा अक्षरशः हिरड्यांवर घातलेला आहे. ज्या सभेत निम्म्याहून अधिक लोकांच्या तोंडात कवळ्या, तिथे हा विषय किती जिव्हाळ्याने ऐकला गेला असेल! प्रश्नोत्तरांत जॅझ मागे पडून चिकटवण्याची पूड कुठली चांगली यावर गाडी गेली. शिवाय बंकने स्वतःचं वय दहा-एक वर्षं वाढवून सांगितलं होतं, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे जुन्याहून जुन्या लोकांबरोबर आपण वाजवलं होतं असं भासवता यावं. वय वाढवून सांगणारा कलावंत मी तोवर ऐकला नव्हता. आमच्या नाटकमंडळींत उलटंच चालायचं.

मग एकदाचा बँड. सरासरी वय पंचाहत्तर, ढोलवाल्याला पाठीमागे उशी. आणि वाजायला लागले की मात्र, खोटं कशाला बोलू, मजा यायला लागते. ट्रम्पेट चाल धरून चालतो, क्लॅरिनेट त्याच्या डोक्यावरून कोलांट्या मारतं, ट्रॉम्बोन खालून घसरत येतो आणि मागे बॅन्जोची खणखण. तिघं एकाच वेळी बोलतात आणि तरी कोणी कोणाचं तोडत नाही. डोंबिवलीत सहा माणसांच्या दोन खोल्यांत वाढलेल्या बाईला हे दृश्य नवलाचंच.

अडचण टाळीची. आपला हात जन्मापासून समेला पडतो. भजनात, आरतीत, तीनतालात, पहिली मात्रा आली की हात खाली. ट्रॅडवाले टाळी देतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एकवर टाळी वाजली की मागच्या रांगेतून घसा खाकरल्याचा आवाज येतो. मी डोक्यात ‘एक’ गिळून ‘दोन’ म्हणायला शिकले, पण तेवढ्यात चाल संपत येते आणि गाडीत परतताना इंडिकेटर टिकटिक करू लागला की त्याचीही दुसरी टिक धरायचा मोह होतो. वर आणखी एक: चाल चालू असताना मध्येच, एकेकाचं एकट्याचं वाजवून झालं की, टाळ्या द्यायच्या. इथे मला कोणी शिकवावं लागलं नाही. दोन सवाई गंधर्व ऐकलेल्या माणसाला मध्येच दाद द्यायला फक्त निमित्त लागतं. एकदा क्लॅरिनेटवाल्याने तान अशी काही उतरवली की मी ‘क्या बात है’ म्हणून गेले. पुढच्या महिन्यात तीन आजीबाई ते म्हणत होत्या.

सॅक्सोफोन मात्र या खोलीत आणायचा नाही. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये हम्फ्री लिटलटन या ट्रॅडच्या ट्रम्पेटवाल्याने आपल्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोनवाला आणला, तर लोकांनी ‘घाणेरड्या बॉपरा, घरी जा’ असा फलक फडकवला होता; बॉप म्हणजे आधुनिक जॅझ. आधुनिक जॅझवाल्यांचं आणि यांचं वैर इतकं की १९६० च्या ब्यूलीच्या जॅझ उत्सवात हाणामारी झाली, लोक मचाणांवर चढले आणि बीबीसीला थेट प्रक्षेपण आटोपतं घ्यावं लागलं. म्हातारबुवा म्हणतात आपण त्या मचाणावर होतो. आता त्यांना माझ्या गाडीत चढायला दोन माणसं लागतात, पण मी शंका घेत नाही. केन कॉलियर या इंग्रज ट्रम्पेटवाल्याचं नाव निघालं की आमचे चिटणीस खुर्चीत सावरून बसतात; हा माणूस न्यू ऑर्लिन्सला पोचण्यासाठी बोटीवर नोकरीला लागला, तिथे मुदतीपेक्षा जास्त राहिला, तुरुंगात गेला आणि १९५३ मध्ये परत पाठवला गेला. कानाच्या पाळीला हात लावायची पद्धत इथे नाही, नाहीतर लावला असता.

बीटल्सचं नाव तर काढायचंच नाही. १९६१-६२ साल ट्रॅडवाल्यांचं सुवर्णयुग. बोलर टोप्या आणि पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं घालून अ‍ॅकर बिल्कचा बँड देशभर फिरत होता, त्याच्या क्लॅरिनेटची रेकॉर्ड १९६२ मध्ये थेट अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली, आणि आमचे सगळे सभासद तेव्हा अठरा-वीस वर्षांचे होते, कमरेत लवत होते. वर्ष-दीड वर्षात सगळं झोपलं. दुःख त्याचं नाही. दुःख असं की लिव्हरपूलचा तो प्रसिद्ध केव्हर्न क्लब १९५७ मध्ये उघडला होता जॅझसाठी. पोटभाडेकरू म्हणून घेतलेल्या पोरांनी वाडाच बळकावला. हे मला प्रत्येक चहाच्या वेळी कोणी ना कोणी सांगतं, आणि सांगताना बिस्किट बुडवायचं विसरतं.

चहाचं म्हणाल तर एकदा कार्यक्रम संपल्यावर म्हातारबुवांचा कोट सापडेना, म्हणून वेळ घालवायला मी दोन खुर्च्या उचलून भिंतीशी ठेवल्या. तिथेच संपलं. चिटणीसबाई (हे पद जोडप्याने सांभाळलं आहे) लांबून बघत होत्या. ज्या क्लबात पंचाहत्तरीचा माणूस ‘नवा’ असतो, तिथे एका हातात दोन खुर्च्या उचलणारी बाई म्हणजे राष्ट्रीय संपत्ती. पुढच्या वेळी माझ्या नावाचा बिल्ला तयार होता. त्याच्या पुढच्या वेळी मी कार्यकारिणीत होते. निवडणूक झाली म्हणतात. मी तेव्हा बंब धूत होते.

कार्यकारिणीतल्या माणसाने व्याख्यान द्यावं असा नियम आहे. मी म्हटलं, मला जॅझमधलं काही कळत नाही. ते म्हणाले, तुम्ही मुंबईकडच्या ना, मग मुंबईतल्या जॅझवर बोला. डोंबिवली म्हणजे मुंबई नव्हे, हे तिथे कोण ऐकणार, आणि पुण्याचं कोणी सभेत नव्हतं. बसले वाचत. आणि मग असं काही हाती लागलं की मला मचाणावर चढावंसं वाटलं. लंडनमध्ये अमेरिकन बँडना बंदी झाली, त्याच १९३५ सालात लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्तर आपला अख्खा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पाठोपाठ पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. तो पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. यांचं ऐकून गोव्याचे ख्रिस्ती वादक तयार झाले. त्यांतला हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे.

मी हे सगळं सभेला सांगितलं. ‘तुम्ही रेकॉर्डी उगाळत होतात तेव्हा आम्ही समोर बसून ऐकत होतो,’ असंही म्हणाले. ‘आम्ही’ यात ताजच्या दारवानाने आमच्या आजोबांना आत सोडलं नसतं ही बाब मी वगळली. मग पडद्यावर ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ लावलं. १९५१. संगीतकार पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, नाचणारे आमचे भगवानदादा, आणि वादकांत आमचा चिक चॉकलेट. भगवानदादांनी ते जमिनीला समांतर हात हलवत चालणं सुरू केलं आणि पहिल्या रांगेतल्या दोन आजीबाई बसल्या जागी तशाच हलू लागल्या. ट्रम्पेट आला तेव्हा म्हातारबुवांनी टाळी दिली. दोन आणि चारवर.

प्रश्नोत्तरांची मला भीती नव्हती. पहिलाच प्रश्न आला: या ध्वनिमुद्रणात वाजवलेले बाकीचे कोण? मी सांगितलं, माहीत नाही, आमच्या सिनेमाच्या रेकॉर्डींवर गायकाचं आणि संगीतकाराचं नाव असायचं, वादकांची नावं छापत नसत.

सभेत असा हलकल्लोळ मी पाहिलेला नाही. ज्यांचं आयुष्य १९२३ च्या रेकॉर्डवर लाकडी ठोकळा कोणी वाजवला यावर भांडण्यात गेलं, त्यांना कळलं की एका देशाने हजारो रेकॉर्डी काढल्या आणि कोण वाजवतंय ते लिहूनच ठेवलं नाही. एक आजी ‘हजारो?’ असं दोनदा म्हणाल्या. खजिनदार पाणी प्यायले. काठीवाले गृहस्थ उठले आणि यावर उपसमिती नेमावी असा ठराव त्यांनी मांडला. अनुमोदन तीन ठिकाणांहून आलं. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत ‘अलबेला’च्या वादकांची संपूर्ण यादी, वाद्यांसह. निमंत्रक मी. बैठका आमच्या घरी, कारण आमच्याकडे पायऱ्या नाहीत, आणि खजिनदारांनी बटाटेवड्यांबद्दल कुठूनतरी ऐकलं आहे.

आमचे हे माझं व्याख्यान ऐकायला आले होते. वय एकसष्ट, तब्येत ठणठणीत. इतकी वर्षं त्यांनी ‘तुझा जॅझ’ म्हणून हसून घेतलं आणि स्वतः क्रिकेट बघत घरी बसले. कार्यक्रम संपला, लोक उठले, आणि सौजन्य म्हणून त्यांनी शेजारची एक खुर्ची उचलली. मी स्टेजवरून दोन्ही हातांनी खुणा करत होते, ठेव, ठेव खाली. त्यांना वाटलं, मी वाहवा स्वीकारतेय. त्यांनी हसून दुसरीही उचलली. तोवर चिटणीसबाई हॉलच्या त्या टोकाहून निघाल्या होत्या.