लेदरची चमक घालवायला पेट्रोल? अजिबात नको

लातूरला माझी भाची घरीच लेदरच्या डायऱ्या आणि चष्म्याची कव्हरं शिवते. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, पेट्रोल साधंच चालेल ना?’ मजकूर असा : चकचकीत लेदर पाच मिनिटांत मॅट करा. पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा, लिंबू-सोडा चोळा, झीरो नंबर पॉलिश पेपर मारा, शेवटी खोबरेल तेल लावून उन्हात ठेवा. बचत गटांच्या ग्रुपांवरही हेच फिरतंय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी पेट्रोल. लिंबू-सोडा, पॉलिश पेपर, तेल यांनी फार तर माल वाया जाईल, पेट्रोलने जीव जाऊ शकतो; नेलपॉलिश रिमूव्हरही चटकन पेट घेतो. उणे 40 अंशांतसुद्धा पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी तयार होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 वर असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीलगत सरकत जाते. घरी शिवणकाम करणारीची बैठक बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दारातच असते. आत शेगडी, कोपऱ्यात देवापुढची समई. ‘खिडकी उघडी ठेवा’ एवढीही ओळ त्या मजकुरात नाही!

दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2025 मध्ये पेट्रोलला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यातलं बेंझीन तर त्या गटात कधीचंच आहे. आणि हे लोक बायकांना उघड्या हाताने बोळा भिजवून घासायला सांगतात. एवढं करून काम तरी होतं का? नाही. पेट्रोलने वरचं मेण आणि तेल निघतं, चमक देणारा थर तसाच राहतो. उलट कापलेल्या कडांतून आणि मागच्या बाजूने आतली चरबी ओढली जाते, मग लेदर कडक होऊन घडीवर तडकतं.

मुळात चमक कातड्यात नसतेच. फिनिश्ड लेदरवर रंगाचा आणि त्यावर ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो. तो थर गुळगुळीत म्हणून उजेड एकाच दिशेला परततो. मॅट हवं तर त्या थराला बारीक खडबडीतपणा द्यायचा किंवा वर मॅट थर चढवायचा. तिसरा मार्ग नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करते. त्यातल्या ॲसिटोनने फॅक्टरीचा थर सुटतो, आणि बूट रंगवणारे रंगाआधी तेच वापरतात. पण ते नंतर नवा रंग देतात, वर फिनिशर, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर, लावतात. फॉरवर्डमध्ये ते दोन्ही गायब. बोळा तपकिरी झाला की ‘मळ निघाला’ म्हणून खूश व्हायचं! तो मळ नाही, तुमच्या लेदरचा रंग आहे. राहिलेल्या जागी ठिपके पडतात. आणि तुकडा रेक्झीनचा असेल तर चिकट होऊन बोटाला लागतो. म्हणून आधी कापलेली कड बघा : मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झीन, केसाळ तंतू दिसले तर बहुधा लेदर.

लिंबू-सोड्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड. मागे खारट पाणी उरतं, ते शिलाईत वाळून पांढरं दिसतं.

पॉलिश पेपरही अगदी खोटा नाही, पण ‘झीरो नंबर’ म्हणजे नेमका कुठला? पाठीवरचा आकडा बघा. 120 किंवा 220 ने सरळ ओरखडे पडतात. गाड्या रंगवणारे वापरतात तो 1000 च्या पुढचा वॉटर पेपर घ्या, कोरडाच, हात हलका ठेवून गोल फिरवा. नक्षीच्या उंचवट्यांवर रंग आधी उडतो, तिथे लक्ष ठेवा.

खोबरेल तेल तर चमक वाढवतं! खडबडीत पृष्ठभागातल्या खाचा तेलाने भरल्या की तो पुन्हा चकाकतो. शिवाय तेल 24 अंशांखाली गोठतं. परभणीच्या थंडीत त्या कव्हरावर पांढरट साय धरेल, त्यात धूळ बसेल.

मग करायचं काय? पाण्यात मिसळणारा मॅट फिनिशर मिळतो, ऑनलाइनही. लेदर ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. बाटली चांगली हलवा, कारण चमक मारणारी सिलिका तळाशी बसलेली असते. स्पंजने पातळ हात द्या, वाळल्यावर दुसरा. आधी कातरणीच्या तुकड्यावर लावून बघा, दुमडून बघा. काळ्या आणि गडद रंगावर जाड हात बसला तर पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. पेटंट लेदरवर प्लास्टिकचा जाड पापुद्रा असतो, त्याच्या नादी लागू नका. मॅट डायरी हवी असेल तर दुसरं कातडं घ्या.